डबीत काय होतं ते लेखी कळवा

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी

विषय : मुरुमांच्या किटमधील रात्री लावायच्या क्रीमबद्दल तक्रार

महोदय,

माझी मुलगी अकरावीत आहे. आठवीपासून तिच्या चेहऱ्यावर मुरुम येतात. ‘वयच आहे, जातील आपोआप’ हे ऐकून ती कंटाळली होती. लिंबू, चंदन, मुलतानी माती, सगळं लावून झालं होतं. अशात तुमच्या ॲपवर ‘त्वचारोगतज्ज्ञांचा मोफत सल्ला’ दिसला, म्हणून तिचे फोटो पाठवले. थोड्याच वेळात किट सुचवलं गेलं आणि आम्ही पैसे भरून ते मागवलं. सल्ला देणाऱ्या डॉक्टरांचं नाव किंवा नोंदणी क्रमांक कुठेच नव्हता. २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार तो देणं बंधनकारक आहे.

किटमधल्या फेसवॉशबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती पांढऱ्या डबीतल्या क्रीमबद्दल. डबीवर फक्त तुमचं बोधचिन्ह आणि ‘रात्री लावा’ एवढंच छापलंय. घटकांची यादी नाही, बॅच क्रमांक नाही, मुदत संपण्याची तारीखही नाही.

पहिल्या आठवड्यातच चेहरा स्वच्छ झाला, रंगही उजळला. डबी संपली आणि दुसरी यायला उशीर झाला, तेव्हा गालांवर, कपाळावर एकसारख्या आकाराच्या बारीक लाल पुळ्या उठल्या. उन्हात गेलं की आग व्हायची. तुमच्या प्रतिनिधीने चॅटवर उत्तर दिलं, ‘हे पर्जिंग आहे, आतली घाण बाहेर पडतेय, क्रीम चालू ठेवा.’ दुसरी डबी आल्यावर पुळ्या बसल्या आणि क्रीम थांबवताच पुन्हा दुपटीने आल्या. आता चेहरा धुतल्यावर ती आरशाकडे पाठ करून टॉवेल लावते. कॉलेजच्या ओळखपत्रासाठी फोटो काढायलाही तयार नव्हती.

शेवटी साताऱ्यातल्या त्वचारोगतज्ज्ञांना दाखवलं. त्यांनी भिंगातून गाल पाहिले. त्वचा पातळ झाली आहे, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागल्या आहेत, गालांवर लव वाढली आहे. पाळी नियमित आहे का, हेही त्यांनी विचारलं, कारण हार्मोन्सच्या बिघाडानेही असं होतं. पाळी नियमित आहे. क्रीममध्ये स्टेरॉइड असल्याचा त्यांना दाट संशय आहे. स्टेरॉइडने सूज तात्पुरती दबते, म्हणून मुरुम गेल्यासारखे वाटतात. औषध थांबलं की ते उसळून येतात.

तुमचं ‘पर्जिंग’चं उत्तर इथे लागूच पडत नाही. अडापलीनसारखं मुरुमांवरचं औषध सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत मुरुम थोडे वाढू शकतात. आमच्याकडे ते वाढले क्रीम बंद पडल्यावर. हा फरक तुमच्या ‘तज्ज्ञांना’ कळायला हवा होता.

त्वचेवर लावायच्या स्टेरॉइड क्रीमवर केंद्र सरकारने २०१८ मध्येच निर्बंध आणले. त्यातली १४ औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. तुम्ही मात्र सौंदर्यप्रसाधन म्हणून सोळा वर्षांच्या मुलीला काय विकलंत?

आता तिचे उपचार नव्याने सुरू झाले आहेत. आधी त्वचेची आग शमवायची, मग रात्री वाटाण्याएवढं अडापलीन आणि सकाळी बेन्झॉइल पेरॉक्साइड. फरक दिसायला दोन-तीन महिने लागतील असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. सात दिवसांत डाग-मुरुम साफ, असा शब्द त्यांनी दिला नाही. तो तुमच्या जाहिरातीत आहे.

माझ्या मागण्या अशा : क्रीममधले सर्व घटक आणि त्यांचं प्रमाण लेखी कळवा. सल्ला देणाऱ्या डॉक्टरांचं नाव आणि नोंदणी क्रमांक द्या. किटचे पैसे आणि आता होत असलेला उपचारांचा खर्च परत करा. ज्यांना ज्यांना ही डबी पाठवली, त्या सगळ्यांना ती एकदम बंद न करता आधी डॉक्टरांना दाखवा, असं कळवा. ही शेवटची मागणी माझ्यासाठी पैशांपेक्षा महत्त्वाची आहे. त्यात किती शाळकरी मुलं असतील, ते तुमच्या नोंदींत आहे.

पावती, चॅटचे स्क्रीनशॉट आणि डॉक्टरांचा कागद सोबत जोडला आहे. दुसऱ्या डबीच्या तळाशी क्रीम उरलं आहे, ते मी जपून ठेवलं आहे. ई-कॉमर्स नियमांनुसार ४८ तासांत तक्रारीची पोच आणि महिन्याभरात निवारण अपेक्षित आहे. तसं न झाल्यास ती डबी अन्न व औषध प्रशासनाकडे तपासणीसाठी जाईल आणि तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे.

आपली,
एक ग्राहक, मुलीची आई
सातारा