पोहण्याच्या तलावाच्या मेंबरांसाठी: तेल, टोपी आणि रात्रीचं कव्हर

मंडळी, परत तेच सांगतोय, कंटाळा आला तरी वाचा. काल फिल्टर उघडला तर आत खोबरेल तेलाचा नुसता चिकट थर आणि त्यात केसांचा गुंता. चापून तेल लावून उतरायचं ते नदीवर, इथे नाही. आधी साबण लावून शॉवर, मग टोपी, मगच पाण्यात.

आणि क्लोरीनचा वास म्हणजे पाणी स्वच्छ हे डोक्यातून काढा, तो डोळे चुरचुरवणारा वास क्लोरीन घामाशी आणि (सांगायला लाज वाटते) लघवीशी मिसळून जे क्लोरामाइन होतं त्याचा असतो, म्हणजे उलटंच. पाण्याचा पीएच (आम्ल-अल्क किती ते सांगणारा आकडा) ७.२ ते ७.८ मध्ये हवा, रोज सकाळी फळ्यावर लिहितो, बघत जा.

आपला तलाव २५ बाय साडेबारा मीटर, एक सेंटीमीटर पाणी वाफ होऊन उडालं की तीन हजार लिटर गेले! पावसात कोकण बुडतं पण जांभ्या दगडातून सगळं निचरून जातं, मग मे महिन्यात टँकरवाल्याच्या हातापाया पडायचं. म्हणून शेवटच्या बॅचने रात्री कव्हर ओढायचंच, चार जण लागतात, पळू नका.

पंपरूममध्ये कोणीतरी अ‍ॅसिडचा कॅन क्लोरीन पावडरीला चिकटून ठेवला होता, दोन्ही एकत्र सांडलं तर विषारी वायू होतो, तिथे हात लावू नका.

पोरं पाण्यात असताना काठावर मोबाईल बंद. समुद्रावर वाढलेली असली तरी.