स्पंज दगड खात नाही, कोरतो

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत समुद्रातल्या भोकं पाडणाऱ्या स्पंजावर छापलं ते आवडलं, पण त्याला 'दगड खाणारा प्राणी' म्हटलं ते काही पटलं नाही. त्याला ना तोंड, ना दात, ना पोट, खाणार कशानं? त्याचं जेवण म्हणजे पाण्यातले बॅक्टेरिया न् बारीकसारीक कण, पाणी आत ओढायचं, गाळायचं न् सोडून द्यायचं. दगडात शिरतो तो फक्त राहायला. आमच्या कपाशीत गुलाबी बोंडअळी शिरली का बोंड वरून साबूत न् आतून खलास, तसंच हे, फक्त अळी सरकी खाते न् हा गडी चुन्याचा कणही खात नाही.

मग कोरतो कसा, खरी गंमत इथंच आहे, न् नेमकं हेच तुम्ही दोन ओळीत उरकलं. त्याच्या काही पेशी चुन्याला चिकटतात, धाग्यासारखे पातळ हात आत घालतात न् फक्त त्या धाग्याच्या कडेकडेनं आम्ल सोडतात, असं गोल कापत गेलं का एक कपची सुटून येते, मिलीमीटरच्या विसाव्या भागाएवढी, मग दुसरी, मग तिसरी. काही माल विरघळतो, बाकीचा कपच्या होऊन पाण्याच्या धारेसंगं बाहेर. प्रवाळाच्या आजूबाजूला तळाशी जो बारीक गाळ असते त्यात ह्या कपच्या ढिगानं सापडतात.

ह्या स्पंजांतल्या क्लायोना नावाच्या गटाला नाव दिलं प्राणिशास्त्रज्ञ रॉबर्ट ग्रँटनं, १८२६ मधे, कालवाच्या शिंपल्यातून काढून. त्याच सुमारास एडिनबरोत कॉलेजात असलेला पोरगा डार्विन ह्याच्यासंगं किनाऱ्यावर हिंडत होता, असो.

आमच्या घरच्या काळ्या दगडाला ह्याचं काही भेव नाही, त्याला कॅल्शियम कार्बोनेटच लागते, म्हणजे प्रवाळ, शिंपले, चुनखडी. मेलेले शिंपले फोडून चुना परत समुद्रात फिरवणारा हाच, म्हणून त्याला व्हिलन करू नका. पण हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनं समुद्राचं पाणी आम्लाकडं सरकलं का ह्याचं कोरणं वाढते न् प्रवाळाचं बांधणं मंदावते, हे प्रयोगात दिसलं आहे, ते मात्र छापायचं राहिलं.

पुढच्या वेळी फोटो छापाल तर कापलेल्या शिंपल्याचा छापा, वरून नुसते ठिपके दिसतात.

एक वाचक,
ता. वणी, जि. यवतमाळ