‘हॅम्लेट’चा पहिला प्रवेश कापू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘ऑथेल्लो’चा ‘झुंझारराव’ करणारे देवल बेळगावात शिकले. शेक्सपिअर इथं परका नाही. तरीही बेळगाव, खानापूर, निपाणीकडचे हौशी संघ ‘हॅम्लेट’ बसवतात तेव्हा वेळेसाठी पहिली कात्री लागते ती पहारेकऱ्यांच्या प्रवेशाला. पडदा थेट डेन्मार्कच्या दरबारावर उघडतो. हे फार मोठं नुकसान आहे.

पहिलंच वाक्य बघा. मध्यरात्र, कडाक्याची थंडी, पहाऱ्यावर फ्रान्सिस्को. “कोण आहे?” हे खरं तर त्यानं विचारायचं. विचारतो बर्नार्डो, पाळी बदलायला आलेला! फ्रान्सिस्को त्यालाच दरडावतो, आधी तू सांग. बर्नार्डोनं लागोपाठ दोन रात्री मेलेल्या राजाचं, म्हणजे हॅम्लेटच्या वडिलांचं, भूत पाहिलंय, म्हणून त्याचा धीर सुटलाय. तालमीत ‘चूक’ समजून हे वाक्य फ्रान्सिस्कोला दिलं, की ती भीतीच जाते.

भुताला पांढरा झगा नको, चिलखतच हवं. या राजानं नॉर्वेच्या राजाला मारताना घातलेलं हे चिलखत हॅम्लेटचा मित्र होरेशिओ ओळखतो, आणि त्यातूनच युद्धाच्या तयारीची गोष्ट निघते: रोज तोफा ओतल्या जातायत, जहाजबांधणीला रविवारचीही सुट्टी नाही. १६०० च्या आसपास लंडनच्या प्रेक्षकाला ही धास्ती घरचीच होती. एलिझाबेथ राणी म्हातारी, निपुत्रिक, वारस जाहीर नाही. १६०३ च्या मार्चमध्ये ती वारली. शिवाय इंग्लंडच्या प्रोटेस्टंट चर्चनं मृतात्मे पापं फेडतात ते शुद्धिस्थान नाकारलेलं, म्हणजे तिथून कुणी परत येणंही नाही. मग हा खरंच मेलेला राजा, की सैतानाचं सोंग? प्रोटेस्टंट पंथाचा पाया घालणाऱ्या ल्यूथरच्या विटेनबर्गला शिकणारा होरेशिओ आधी विश्वासच ठेवत नाही, तो यासाठी.

धुराचं यंत्र, निळा प्रकाश यांची गरज नाही. शेक्सपिअरच्या ग्लोब नाट्यगृहात प्रयोग दुपारच्या उजेडात व्हायचे. रात्र उभी राहायची ती बाराचे ठोके, ध्रुवाच्या पश्चिमेचा तारा, कोंबड्याचं आरवणं अशा शब्दांतून. हे शब्द घाईत उरकले तर कितीही दिवे लावा, रात्र होत नाही.

प्रवेश सुमारे पावणेदोनशे ओळींचा. कापायचाच तर सीझरच्या रोममधल्या अपशकुनांचा भाग खुशाल काढा. १६२३ च्या फोलिओत, म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकांच्या पहिल्या संग्रहातही तो नाही. नॉर्वेचा राजपुत्र फॉर्टिन्ब्रास याची हकिगत सात-आठ ओळींत आणा, पण ठेवा. शेवटी डेन्मार्क त्याच्याच हाती जातं. इथं त्याचं नाव कानावर पडलं नाही, तर हा कोण उपटला, असं प्रेक्षकाला वाटणारच.

आपला,
एक नाट्यशिक्षक, खानापूर