मायोर्काला सायकलवर जाऊया

म्युनिक
१८ जानेवारी २०२६

प्रिय अविनाश,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र वाचलं आणि तू या वेळी खरंच मनावर घेतलंयस हे पाहून फार आनंद झाला. वहिनींनी स्वतःहून "जाऊन या" म्हटलं, त्यांना माझा खास नमस्कार सांग. यवतेश्वरचा घाट चढून कासला जाताना आपण कॉलेजपासून बोलत आलोय की एकदा समुद्राला लागून असलेल्या डोंगरात सायकल चालवायची. आता ते ठरवूनच टाकू.

आधी तुझ्या बेताबद्दल. बार्सिलोनाहून निघायचं, सामान सायकलला बांधायचं आणि किनाऱ्याकिनाऱ्यानं फ्रान्समधलं नीस गाठायचं, हे नकाशावर सुरेख दिसतं. पण त्या किनाऱ्याचा मोठा भाग दाट वस्तीचा आहे आणि गाड्यांची वर्दळ थांबत नाही. मधे ऱ्होन नदीच्या मुखाकडचा सपाट पट्टा लागतो. तिथे मिस्त्राल नावाचा उत्तरेकडचा वारा सुटला की भरलेली सायकल सरळ धरणंही मुश्कील होतं. शिवाय रोज नवं गाव, रोज नवं हॉटेल, आणि एक दिवस पाऊस आला की पुढची सगळी बुकिंगं कोलमडली. मोजकी सुट्टी घेऊन येणाऱ्या माणसानं एका जागी मुक्काम करावा आणि रोज सकाळी हलक्या सायकलवर वेगळ्या दिशेला निघावं, असं माझं ठाम मत आहे. त्यासाठी मायोर्कासारखी जागा मी तरी दुसरी पाहिलेली नाही.

स्पेनचं हे बेट साधारण ३,६४० चौरस किलोमीटरचं. म्हणजे आपल्या सातारा जिल्ह्याचा जेमतेम तिसरा हिस्सा. पण तेवढ्यात वायव्य किनाऱ्याला लागून नव्वदेक किलोमीटर लांबीची सेरा दे त्रामुंताना ही डोंगररांग आहे, मधे गव्हाच्या, बदामाच्या शेतांचं सपाट मैदान आहे आणि उत्तरेला दोन मोठे उपसागर. पाय दुखत असतील तर मैदानात जा, अंगात जोर असेल तर डोंगरात. दोन्ही एकाच दारातून सुरू होतात.

त्रामुंताना तुला का आवडेल ते सांगतो. युनेस्कोनं २०११ साली तिला जागतिक वारसा म्हटलं, पण नुसत्या डोंगरासाठी नाही. माणसानं तिथे शतकानुशतकं जी शेती केली, तिच्यासाठी. उतारावर एकाखाली एक दगडी ताली, चुना-सिमेंट काही न घालता रचलेल्या, त्यांत ऑलिव्हची पीळ पडलेली जुनी झाडं आणि बागांपर्यंत पाणी नेणारे पाट. पाण्याची ही व्यवस्था अरबांच्या काळापासून चालत आली आहे. तुझ्या आजोबांनी माणमध्ये रचलेल्या ताली मी पाहिल्यात, म्हणून सांगतो, तू तिथे सायकल थांबवून दगडाला हात लावून बघशील. पुढच्याच वर्षी, २०१२ मध्ये, आपलं कास पश्चिम घाटाबरोबर त्याच यादीत आलं.

मुक्काम पोर्ट दे पोलेन्सा या बंदराच्या गावी करू. पहिल्या दिवशी फक्त फोर्मेंतोरच्या दीपगृहापर्यंत जायचं, जाऊन-येऊन चाळीसेक किलोमीटर. गाव सुटल्या सुटल्या एक चढ आहे. वर पोचलं की कठड्यापलीकडे कडा सरळ समुद्रात उतरलेला दिसतो. तिथून रस्ता पाइनच्या झाडीतून वरखाली होत जातो. वाटेत एक अंधारा बोगदा आहे, त्यासाठी पुढे-मागे दिवा हवाच. शेवटच्या टप्प्यात रानटी बकऱ्या बिनधास्त रस्त्यावर बसलेल्या असतात. उन्हाळी हंगामात या रस्त्यावर दिवसा खाजगी गाड्यांना बंदी असते, सायकलींना नाही. सायकलवाल्यासाठी एवढा विचार केलेला पाहून मला फार बरं वाटलं होतं.

आता सा कालोब्रा. या एका रस्त्यासाठी जगभरातून लोक येतात आणि ते योग्यच आहे. तो रस्ता आधी खाली उतरतो. डोंगरातल्या ६८२ मीटर उंचीच्या खिंडीतून निघून थेट समुद्राशी, आणि तिथे संपतो. परतायचं तर तोच चढायचा. साडेनऊ किलोमीटर, सरासरी सात टक्के चढ. आंतोनियो पारिएत्ती या अभियंत्यानं १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला तो आखला आणि मजुरांनी हातानं फोडून काढला. फोर्मेंतोरचा रस्ताही त्याचाच. खिंडीच्या जरा खाली एका ठिकाणी चढ फार खडा झाला असता, तर पारिएत्तीनं रस्त्याला जवळजवळ पूर्ण वेढा देऊन तो स्वतःच्याच पुलाखालून काढला. टायच्या गाठीसारखा, आणि तिथले लोक त्याला तेच म्हणतात. उतरताना तू पुलावरून जातोस, हँडल सतत एकाच बाजूला कललेलं, वळण संपतच नाही, आणि मग मघाचा पूल डोक्यावर येतो. चढताना त्याच पुलाखाली क्षणभर सावली लागते, तेव्हा कळतं की आता खिंड आली. मी तिथे उतरून कठड्यावर बसलो होतो आणि खालची सगळी वळणं एकेक करून पाहिली होती. रस्ता बांधणं ही केवढी मोठी कला आहे हे मला त्या दिवशी कळलं. तू बांधकाम खात्यात आयुष्य काढलंस, तुला तर माझ्या दुप्पट दिसेल.

पोर्ट दे पोलेन्साहून सा कालोब्रा करून परत यायला साधारण नव्वद किलोमीटर पडतात. वाटेत युकचा मठ आहे, तिथे पाणी आणि कॉफी. निघायचं मात्र पहाटे, कारण दिवस वर आला की पर्यटकांच्या मोठ्या बसेस त्याच अरुंद वळणांवर येतात. तयारीसाठी तुझ्याकडे पसरणीचा घाट आहे. वाईहून पाचगणी न थांबता, दम न लागता चढता आली की सा कालोब्रा जमेल. तो पसरणीपेक्षा थोडा खडा आहे, एवढंच. मार्च-एप्रिलमध्ये उन्हाच्या आत, पहाटे साडेपाचला निघत जा.

मधल्या दिवसांत मैदान. बुधवारी सिनेउ गावचा बाजार भरतो, तो गाठायचा. मग आडवाटांनी पेत्रा गावाला. दोन्ही बाजूंना दगडी गडगे, मधे एकच गाडी जाईल एवढा डांबरी रस्ता, आणि तोही गुळगुळीत. पेत्राच्या चौकात दुपारी सायकलींची गर्दी असते, कारण सगळ्यांची जेवायची जागा तीच. तिथे पा आंब ओली मागव. बिनमिठाचा जाड पाव येतो, सोबत अर्धा कापलेला छोटा टोमॅटो. तो टोमॅटो पावावर घासायचा, साल हातात उरेपर्यंत, मग वरून ऑलिव्हचं तेल आणि मीठ. चीज घातलेला मागितलास की तुझं शाकाहारी जेवण झालं. वांगी, बटाटा आणि ढोबळी मिरचीचं तुंबेत मिळतं, फक्त त्याखाली मासा किंवा मांस नाही ना हे विचारून घ्यायचं. आणि एक लक्षात ठेव: एन्साइमादा नावाचा गोल, पिठीसाखर भुरभुरलेला गोड पाव सगळीकडे दिसेल, तो डुकराच्या चरबीत करतात. तुझ्यासाठी बदामाचा केक आहे. त्यात मैदा नसतो, अंडं असतं, ते तुला चालतं हे मला माहीत आहे.

शेवटच्या दोन रात्री सोयेरला राहू, सामान टॅक्सीनं पाठवता येईल. चारी बाजूंनी डोंगर आणि मधे संत्र्यांच्या बागा. पाल्मा या बेटाच्या मुख्य शहरातून सोयेरला १९१२ पासून लाकडी डब्यांची आगगाडी चालते. गाड्यांसाठी १९९७ साली डोंगरातून बोगदा काढला, त्यात सायकलींना मनाई आहे. त्यामुळे खिंडीवरून जाणारा जुना वळणावळणांचा घाट आता जवळजवळ सायकलवाल्यांचाच झालाय. तो चढायला सोपा आणि फार गोड आहे. जोर उरला असेल तर दुसऱ्या बाजूनं पुच माजोर या डोंगराचा चढ, चौदा किलोमीटर, वर गेल्यावर दोन निळी धरणं.

महिना मे धरूया. जानेवारी-फेब्रुवारीत बदाम फुलतो, पण डोंगरात गारठा असतो. एप्रिलअखेर ३१२ किलोमीटरची मोठी सायकल मोहीम असते, तेव्हा खोल्या मिळणं कठीण. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन आणि गर्दी दोन्ही. ऑक्टोबरात समुद्र कोमट असतो खरा, पण तो तिथला पावसाचा महिना. मे महिन्यात दुपारचं तापमान बावीस-चोवीसपर्यंत जातं. साताऱ्याच्या मे महिन्यातून येणाऱ्या माणसाला तर ती थंडीच वाटेल. वारा अडवणारं पातळ जाकीट आण, लांब उतारावर घाम गार होतो.

सायकल इथून-तिथून विमानात घालायची नाही, तिथे भाड्यानं चांगली मिळते. तुझे पेडल आणि बूट आण, सीट आवडती असेल तर तीही. आता सगळ्यात महत्त्वाचं, हे दोनदा वाच. आपल्याकडे पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो, तिथे डाव्या. उतारावर घाईत मागचा म्हणून पुढचा दाबला गेला तर माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो. ब्रिटिश गिऱ्हाईक भरपूर असल्यामुळे दुकानदार ब्रेक उलटे करून देतात, पण बुकिंग करतानाच सांगावं लागतं. मी तुझ्यासाठी तसं लिहून देणार आहे. वाहतूक उजवीकडून, हे चौकात वळताना मनात सारखं म्हणत राहायचं. गावाबाहेर हेल्मेटची सक्ती आहे. गाडीवाल्यानं सायकलला ओलांडताना दीड मीटर अंतर ठेवायचं असा कायदा आहे. आणि ते ठेवतात, वळणावर तर मागे शांतपणे थांबतात.

व्हिसाचं काम लगेच सुरू कर. मायोर्कात जास्त दिवस आणि माझ्याकडे कमी, म्हणून अर्ज स्पेनचा करायचा, विमान म्युनिकला उतरत असलं तरी. प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपासून अर्ज करता येतो, आणि निदान पंधरा दिवस आधी तो द्यावाच लागतो. मुंबईत अर्ज द्यायची तारीख मिळायला वेळ लागतो, तेव्हा थांबू नकोस. तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. त्यात डोंगरात सायकल चालवताना झालेली दुखापत येते का, हे विमावाल्याकडून लेखी घे. मुंबईहून म्युनिकला थेट विमान आहे, एक रात्र माझ्याकडे विसावा घे, मग इथून पाल्माला दोन-सव्वादोन तासांत पोचतो.

गुडघ्याची काळजी तू लिहिली आहेस, ती मला कळते. म्हणूनच मी एका जागी राहायचा आग्रह धरतोय. ज्या दिवशी गुडघा नको म्हणेल त्या दिवशी आपण आल्कूदिया गावाच्या जुन्या तटबंदीपर्यंत सपाट रस्त्यानं जाऊ, बंदरावर बसू, पोहू. किलोमीटर मोजायला आपण जातच नाही. इतक्या वर्षांनी तुझ्या मागच्या चाकाशी चाक लावून घाट चढायचा आहे, मला एवढंच हवंय.

पत्राला उत्तर देताना तीन गोष्टी कळव: पेडलचे दांडे जिथे बसतात त्या आसाच्या मध्यापासून तुझ्या सीटची उंची, पासपोर्ट कधी संपतो ती तारीख, आणि मे महिन्यातला कोणता आठवडा तुला मोकळा आहे. या महिनाअखेर मी सायकली आणि पोर्ट दे पोलेन्साची खोली राखून ठेवतो. समुद्राकडची खोली मागतो, तू पहाटे उठून खिडकीत बसणार हे ठाऊक आहे. काकूंना नमस्कार, चिरंजीवांना आशीर्वाद.

तुझा,
संजय