सीआरपीचा कागद

सांगली,
रविवार, रात्री उशिरा

प्रिय विन्या,

परवा तू फोनवर माझ्या ऑपरेशननंतरच्या रिपोर्टांबद्दल विचारलंस आणि मी 'नंतर सांगतो' म्हणून ठेवला, कारण शेजारी आई बसली होती. माझ्या रिपोर्टांचा विषय निघाला की तिचा हात आपसूक कुशीवरच्या व्रणाकडे जातो, मला किडनी दिली तेव्हाच्या. आता ती झोपलीय.

धाकट्याला काकू किडनी देणार हे ऐकून बरं वाटलं आणि पोटात गोळाही आला. ऑपरेशननंतर रिपोर्टांत तुला 'सीआरपी' दिसेल, म्हणजे जखम, सूज किंवा इन्फेक्शन असलं की रक्तात वाढणारं एक प्रथिन. माझा दुसऱ्या दिवशीचा आकडा शंभराच्या वर होता. दादा कागद घेऊन सिस्टरच्या मागे धावला, पण डॉक्टरांनी त्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तेव्हा राग आला होता. आता कळतं की पोटावर चीर दिली म्हणजे शरीराच्या लेखी ती जखमच. इंटरल्युकिन-६ नावाच्या निरोप्या प्रथिनाचा सांगावा यकृताला पोचतो आणि ते सीआरपी तयार करायला घेतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो सगळ्यात वर असतो. नवा तयार होणं थांबलं की रक्तातला साधारण १९ तासांत निम्मा होतो. म्हणून किती आहे यापेक्षा उतरतोय का ते बघ. उतरता उतरता पाचव्या दिवशी परत चढला, की मग शोधाशोध सुरू होते: लघवी, टाके, छाती, नव्या किडनीभोवती साचलेलं पाणी.

(नावातला 'सी' १९३० सालचा. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तातलं हे प्रथिन त्या जंतूच्या 'सी' नावाच्या घटकाबरोबर साका धरताना दिसलं. तुला असलं काही आवडतं म्हणून लिहिलं.)

आता माझी फजिती ऐक. घरी येऊन दोन महिने झाले होते. ताप नाही, नुसती मरगळ. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम मंदावलं की रक्तात वाढतं ते, १.३ वरून १.७ वर गेलं. घराजवळच्या एका लॅबमध्ये सीआरपी केला, ४.८ आला. पाचच्या आत म्हणजे नॉर्मल, असं म्हणून मी चहा टाकला. संध्याकाळी डॉक्टरांना फोटो पाठवला, तर त्यांचा पहिला प्रश्न, "युनिट काय लिहिलंय?" आधीची लॅब मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये द्यायची, हिने प्रति डेसिलिटर दिला होता. म्हणजे ४८! लघवीत इन्फेक्शन निघालं, आणि प्रेडनिसोलोनने, म्हणजे माझ्या स्टिरॉइडच्या गोळीने, ताप दाबून ठेवला होता. पांढऱ्या पेशीही त्या गोळीने एरवीच वाढतात, त्यामुळे त्यांच्यावरूनही काही कळेना.

तेव्हा प्रोकॅल्सिटोनिन नावाची रक्ताची आणखी एक तपासणीही केली. ते जिवाणूंच्या मोठ्या इन्फेक्शनमध्ये चढतं, विषाणूंमध्ये सहसा फारसं नाही. पण धाकट्याला सुरुवातीला एटीजीचं इंजेक्शन (शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून देतात ते) दिलं, तर इन्फेक्शन नसतानाही ते वाढलेलं दिसू शकतं. तेव्हा घाबरू नकोस, विचार.

आणि विन्या, हे मात्र वहीच्या पहिल्या पानावर लिही. सीआरपी नॉर्मल आला म्हणजे रिजेक्शन नाही, शरीर नवी किडनी नाकारत नाहीये, असं नसतं. आतल्या आत रिजेक्शन चालू असताना हा कागद अगदी शहाण्यासारखा गप्प बसू शकतो. क्रिएटिनिन चढलं की टॅक्रोलिमसची (रिजेक्शन टाळायच्या गोळीची) रक्तातली पातळी, सोनोग्राफी, नव्या किडनीला त्रास देणाऱ्या बीके विषाणूची तपासणी हे सगळं बघतात. तरी उत्तर मिळालं नाही तर बायोप्सी, म्हणजे किडनीचा बारीक तुकडा काढून तपासणं. डॉक्टर बायोप्सी म्हणाले तर 'पण सीआरपी तर चांगला आहे' असा वाद घालू नकोस. मी घातला होता. दोन दिवस फुकट गेले. नशिबाने निघालं काही नाही, टॅक्रोलिमस जास्त झाला होता.

लॅब शक्यतो एकच ठेव. टॅक्रोलिमसचं रक्त सकाळची गोळी घेण्याआधी द्यायचं, धाकटा विसरेल, तू विसरू नकोस. काकूंचेही रिपोर्ट त्याच वहीत लिही. आमच्याकडे सगळे माझ्या खाटेभोवती होते आणि आईचं क्रिएटिनिन किती आलं हे तीन दिवस कुणाला ठाऊकच नव्हतं.

माझी जुनी वही ऑपरेशनच्या आदल्या दिवशी घेऊन येतो. अक्षर लागलं नाही तर वाचून दाखवीन.

तुझा,
बाळ्या