उघड्या नोंदी आणि आधारची फाइल

मा. संपादक, स. न.

बँकेतून बोलतोय म्हणून फोन येतो आणि समोरचा माणूस नाव, गाव, कर्जाची रक्कम बिनचूक सांगतो. मग बँकेतूनच माहिती फुटली, असे आपण धरून चालतो. पण तासगाव किंवा जत तालुक्यातले एखादे गाव महाभूलेख या सरकारी जमीन-नोंदींच्या संकेतस्थळावर निवडून नुसते आडनाव टाकले तरी खातेदारांची नावे येतात. सातबाऱ्याच्या ‘इतर अधिकार’ रकान्यात सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा रकमेसकट असतो. मतदार यादीत वय, घर क्रमांक आणि वडिलांचे किंवा पतीचे नाव मिळते. हाताशी असलेला मोबाइल नंबर नेमका त्याच माणसाचा का, हे यूपीआय अ‍ॅपमध्ये टाकले की खात्यावरच्या नावावरून कळते. सातबारा उघडा असायलाच हवा, नाहीतर जमिनीच्या व्यवहारात लोक नागवले जातील. धोका या नोंदी एकत्र जुळवण्यात आहे. 2023 चा डेटा संरक्षण कायदाही इथे कामी येत नाही. कायद्यानुसार जाहीर केलेली माहिती त्यातून वगळली आहे.

त्याहून काळजीची गोष्ट झेरॉक्सच्या दुकानातली. प्रिंटसाठी ई-आधार दुकानदाराच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले जाते आणि त्याच्या संगणकावर डाउनलोड्समध्ये पडून राहते. त्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे आणि जन्मवर्ष. मतदार यादीतल्या वयावरून जन्मवर्ष दोन-तीन प्रयत्नांत सापडते, मग कुलूप कसले?

म्हणून यूआयडीएआय, म्हणजे आधार देणाऱ्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावरून ‘मास्क्ड’ आधार घ्यावे. त्यात पहिले आठ अंक झाकलेले असतात. बोटाच्या ठशावर खात्यातून पैसे काढता येतात, त्यामुळे तिथेच बायोमेट्रिक लॉकही करावे, म्हणजे ठसा चालणार नाही. मात्र लॉक असताना रेशन दुकानातल्या मशीनवर अंगठा लागत नाही आणि लोक वैतागून लॉक कायमचे काढून टाकतात. तसे करू नये, तेवढ्यापुरते उघडता येते. मास्क्ड आधार आणि लॉक, दोन्हींसाठी आधारला चालू मोबाइल नंबर जोडलेला लागतो. म्हाताऱ्या माणसांचे अडते ते इथेच, तेव्हा घरच्यांनी तो आधी तपासून घ्यावा.

जिल्हा प्रशासनाने सेतू आणि महा ई-सेवा केंद्रांना लोकांच्या फाइल रोज संध्याकाळी पुसण्याची सक्ती करावी, व्हॉट्सअ‍ॅपवरच्याही, आणि अचानक तपासणीही ठेवावी.

– एक वाचक, विश्रामबाग, सांगली