आरोग्यमंत्री साहेब, धडधड चालू आहे तोवरच ईसीजी निघू द्या

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
स.न.वि.वि.

साहेब, मागणी आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुमच्या पीएंनी पत्र अर्ध्यात सोडलं तरी चालेल. प्राथमिक आरोग्य केंद्रात कोणी "छातीत धडधडतंय, घाबरं होतंय" म्हणत आलं की केसपेपर, वजन, सलाईन सगळं नंतर, आधी ईसीजी. रात्र असो, डॉक्टर जागेवर असोत नसोत, सिस्टरनी ईसीजीची कागदी पट्टी काढायची, मोबाईलवर फोटो मारून जिल्ह्याच्या डॉक्टरांना पाठवायचा आणि पट्टी पेशंटच्या हातात द्यायची. बास. आमच्याकडे मशीन आहे हो, पण कधी रोल संपलेला असतो नाहीतर कपाटाची चावी ज्याच्याकडे तो घरी गेलेला असतो.

एवढी घाई कशाला म्हणाल तर ठोक्यांची गडबड ही चालू असेपर्यंतच कागदावर दिसते. माझ्या काकूचं असंच, साठी ओलांडलेली बाई, मधूनच धडधड सुरू व्हायची, तासा-दोन तासात आपोआप थांबायची आणि तालुक्याला पोचेपर्यंत सगळं नॉर्मल. मग काय, गॅस आहे, टेन्शन घेताय, सुनेशी पटतं का नीट, असले प्रश्न. बाई माणूस घाबरं होतंय म्हणाली की निम्मं निदान तिथंच उरकतं आपल्याकडे, आणि गॅसचं इंजेक्शन तर ठरलेलंच.

आता हे पण मान्य की प्रत्येक धडधड म्हणजे हार्टचा आजार नसतो. चहा जास्त झाला, झोप नाही, ताप आहे, थायरॉईड वाढलंय, अंगात रक्त कमी आहे, कशानेही होते. राज्यातल्या निम्म्याहून जास्त बायकांना ॲनिमिया आहे हे सरकारचाच सर्व्हे सांगतो, तेव्हा ईसीजीबरोबर हिमोग्लोबिन पण बघा. पण काकूचं वेगळं निघालं. कोरोनात घेतलेला ऑक्सिमीटर घरात पडून होता, पुतण्याने तो बोटाला लावला तर नाडी १५०. आडवं केलं, पाणी दिलं, पंखा लावला, परत बघितलं तर १५०, अर्ध्या तासाने १४९. माणूस घाबरल्यामुळे नाडी वाढली असेल तर शांत पडल्यावर हळूहळू उतरते, जरा वरखाली होते, इथं आकडा हलायलाच तयार नाही.

याला एट्रियल फ्लटर म्हणतात असं नंतर कळलं. हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यात झडपेभोवती करंट एकाच गोल वाटेने फिरत राहतो, मिनिटाला ३०० च्या आसपास फेऱ्या, आणि मधला एव्ही नोड, म्हणजे वरच्या कप्प्यातून खाली करंट सोडणारं फाटक, बहुतेक वेळा दोनातला एकच ठोका खाली सोडतो म्हणून मनगटावर १५० लागते. ईसीजीत करवतीच्या दातांसारख्या रेघा येतात. कधी नाडी कमी पण असते, चालू गोळ्यांमुळे किंवा तीनातला-चारातला एकच ठोका खाली आल्यामुळे, त्यामुळे नुसत्या आकड्यावर जाऊ नये, पट्टी पाहिजेच. खरी भीती पुढची आहे. वरचा कप्पा नीट आकुंचन पावत नाही, रक्त तिथं साचतं, गुठळी होते आणि ती मेंदूत गेली की लकवा. म्हणजे "गॅस" म्हणून घरी पाठवलेलं माणूस एक दिवस तोंड वाकडं होऊन परत येऊ शकतं.

काकूची पट्टी शेवटी एका रात्री एका सिस्टरमुळे मिळाली, डॉक्टरची वाट न बघता त्यांनी काढली, त्यांचे उपकार आहेत आमच्यावर. पुढचा किस्सा ऐका. एवढा महत्त्वाचा कागद खराब व्हायला नको म्हणून काका तो लॅमिनेट करायला घेऊन गेले आणि मशीनमधून बाहेर आला तो काळाकुट्ट! ईसीजीचा कागद उष्णतेने छापणारा असतो, लॅमिनेशनच्या गरमीने अख्खा काळा पडतो, आणि नुसता फाईलीत ठेवला तरी काही वर्षांत फिका होत जातो. शहरातल्या मोठ्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "त्यावेळचा ईसीजी कुठंय?" नशीब सिस्टरच्या मोबाईलमध्ये फोटो होता. म्हणून म्हणतो साहेब, मूळ पट्टीबरोबर तिची झेरॉक्सही पेशंटला द्या, खर्च रुपया-दोन रुपयांचा.

उपचार चांगला आहे याचा, म्हणूनच जास्त चिडचिड होते. मांडीच्या शिरेतून वायर घालून तो करंट फिरायचा रस्ता जाळून तोडतात, ॲब्लेशन म्हणतात, नेहमीच्या फ्लटरमध्ये दहापैकी नऊ जणांना तरी गुण येतो. पण अँजिओप्लास्टी होते तिथं हे होतंच असं नाही, त्याला ईपी लॅब लागते, म्हणजे हृदयातला करंट तपासायची खास खोली, आणि तसा डॉक्टर लागतो. महात्मा फुले योजनेचं कव्हर २०२३ मध्ये दीड लाखावरून पाच लाख करायचं ठरलं, छान झालं, पण योजनेतल्या कुठल्या हॉस्पिटलात ईपी लॅब आहे हे आम्हाला कोण सांगणार? हॉस्पिटलात योजनेची माहिती द्यायला बसलेल्या आरोग्यमित्राच्या टेबलावर एवढी एक यादी चिकटवली तरी लोकांची निम्मी वणवण वाचेल.

आणि गुठळी होऊ नये म्हणून लागणाऱ्या रक्त पातळ करायच्या गोळ्या. नवीन गोळ्यांना सारखी तपासणी लागत नाही, पण लहानपणच्या संधिवाताच्या तापाने ज्यांची मायट्रल झडप जास्त अरुंद झालीय त्यांना वॉरफरीनसारखी जुनीच गोळी लागते. तिच्यासाठी आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो याची टेस्ट, करत राहावं लागतं, आकडा साधारण २ ते ३ मध्ये ठेवायचा असतो, कमी पडला तर गुठळी, जास्त झाला तर रक्तस्राव. (पालेभाजी बंद करा असं सरसकट सांगतात ते पण चूक, रोज साधारण सारखी खा एवढंच असतं.) काकूच्या शेजारची अशीच एक पोरगी आहे, ती या एका टेस्टसाठी रोजगार बुडवून जिल्ह्याला जाते, दोन एसट्या बदलून. ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस तरी आयएनआर ठेवा. बाजाराच्या दिवशी ठेवला तर फारच बरं, त्या दिवशी वाड्यावस्त्यांवरून जीपा तशाही भरून येतातच.

कळावे,
सातारा जिल्ह्यातला एक मतदार